हॉलमधल्या दिव्याच्या चौदा नोंदी

बाळांनो,

मागच्या आठवड्यात मोठीचा मेल आला. त्यात तिनं लिहिलंय की त्या खेळापायी अज्जीला घर सोडावं लागलं असतं, याचं तिला अजून वाईट वाटतं. धाकटा तर व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे न बघता तुमच्या घरातल्या पंख्याकडे बघून बोलतो. म्हणून आता हे लिहायला बसले. तुम्ही दोघांनी सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन ठेवलाय, आणि तो सगळा तुमचा नाही. किती तुमचा आणि किती नाही, हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण मी ते लिहून ठेवलं होतं.

मुलींच्या शाळेत मी फिजिक्स शिकवलं. प्रयोगाच्या वहीत डाव्या पानावर फक्त दिसलं ते लिहायचं आणि उजव्या पानावर त्यावरून काय वाटतं ते, अशी माझी शिस्त होती. दोन्ही एकत्र लिहिणाऱ्या मुलीला मी पान पुन्हा लिहायला लावत असे. घरातली वहीही मी तशीच ठेवली.

त्या वेळी तुम्हाला कुणी सांगितली नव्हती अशी एक गोष्ट आधी सांगते. आजोबा गेल्यावर तुमच्या आईचं आणि मामाचं म्हणणं पडलं की मी जयनगरचं घर बंद करावं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला मामाकडे राहायला जावं. त्यांनी खोलीही तयार ठेवली होती. मी तिथे चार दिवस राहून आले. खोली चांगली आहे, उजेड भरपूर आहे. पण खाली उतरलं की फाटकापाशी रखवालदार विचारतो, अम्मा, कुठे? आणि सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं, कारण जाण्यासारखं जवळपास काही नाही. इथे मला भाजीवाली ओळखते, लायब्ररीवाला ओळखतो, शेजारच्या अक्का न विचारता आत येतात. मग आमचा तह झाला. मला सगळं नीट जमतंय तोवर मी इथे राहायचं. काही विसरायला लागले, भलतंसलतं बोलायला लागले, तर वाद न घालता बॅग भरायची. हे मी कबूल केलं. हॉलमधला कॅमेरा आणि तीन स्मार्ट प्लग हे त्या तहाचाच भाग. एक प्लग आजोबांच्या वाचायच्या दिव्याला, एक रेडिओला, एक टेबलफॅनला. मी मल्लेश्वरमला माझ्या बहिणीकडे गेले की संध्याकाळी मामा फोनवरून दिवा लावायचा, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे तुमच्या कॅनडातल्या उन्हाळ्याच्या, तुम्ही आलात आणि पंधरा दिवसांत मला चार भयपट दाखवलेत. चारही एकाच जातीचे होते. कुणीतरी फुकट मिळतो म्हणून एक गेम डाउनलोड करतं, नियम कुणी वाचत नाही, आणि पडद्यावर जे होतं ते घरात व्हायला लागतं. तुम्हाला सगळ्यांत आवडलेला सिनेमा मला चांगला आठवतो. त्यातल्या गेममध्ये एक घर दिसतं आणि त्यात एक म्हातारी असते. मुलगा बटण दाबतो, आणि कुठल्यातरी खऱ्या गावात, खऱ्या घरात, खऱ्या म्हातारीचा दिवा लागतो. तिला वाटतं आपल्याला वेड लागलं. शेवटी घरचे लोक तिला गाडीत घालून घेऊन जातात.

"ही बाई काही लिहून का ठेवत नाही?" मी विचारलं होतं.

"अज्जी, लिहून ठेवलं तर पिक्चर वीस मिनिटांत संपेल," मोठी म्हणाली.

"आणि तिला पेन मिळणारच नाही. गेम पेन लपवून ठेवतो," धाकट्यानं माहिती दिली.

"मग पेन्सिल घ्यावी."

तुम्ही दोघं लोळून हसलात. मला त्या सिनेमात भुतांची भीती वाटली नाही. भीती वाटली ती एकाच जागी. बाई सांगते आहे की दिवा आपोआप लागला, आणि तिचा मुलगा तिच्याकडे अगदी मायेनं बघतो आहे. त्याचा तिच्यावर विश्वास नाही, आणि म्हणूनच तो इतका मायेनं बघतो आहे.

तुम्ही ऑगस्टमध्ये परत गेलात. सप्टेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी मी पेपर वाचत बसले होते, आणि आजोबांचा दिवा लागला. घड्याळात पावणेसात झाले होते. मी उठून तो बंद केला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच सुमारास रेडिओ सुरू झाला आणि कन्नड बातम्या सांगायला लागला. मी वही काढली. नोंद एक, नोंद दोन. उजव्या पानावर लिहिलं, लूज कनेक्शन.

इलेक्ट्रिशियन अण्णाला बोलावलं. त्यानं तिन्ही बोर्ड उघडून पाहिले.

"वायरिंग पक्कं आहे, अम्मा. हा प्लग फोनवरून चालतो ना? कुणाच्या तरी फोनवरून होत असेल."

"फोन मुलाकडे आहे."

"मग मुलाला विचारा," तो स्क्रू पिळत म्हणाला. "विचारायचं नसेल तर प्लग काढून देतो. सरी, चालेल?"

मी प्लग काढू दिला नाही. काढला असता तर मामानं कारण विचारलं असतं. आणि विचारायचं नव्हतं हे त्या माणसानं दोन मिनिटांत ओळखलं होतं. मी मुलाला फोन करून काय सांगणार होते? दिवा आपोआप लागतो, हेच ना. मग त्यानं माझ्याकडे त्या सिनेमातल्या मुलासारखं बघितलं असतं.

आता जे लिहिते ते मामालाही मी नंतर सांगितलंय, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी त्याच्यावर संशय घेतला. पोटच्या मुलावर. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. आई घाबरेल, स्वतःहून म्हणेल की मला ने बाबा व्हाइटफील्डला, आणि वाद न होता काम होईल. तीन आठवडे मी त्याचा प्रत्येक शब्द उलटसुलट करून पाहिला. तो फोनवर म्हणाला, आई, झोप लागते ना नीट? मी वहीत ते वाक्य तारखेसकट लिहिलं. तो म्हणाला, तुझ्या खोलीला नवे पडदे लावले. तेही लिहिलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो मला नातेवाइकांकडच्या कार्याला न्यायला भल्या सकाळी आला. उप्पीट खात माझ्यासमोर बसला होता. त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला मला दिसत होता. आणि हॉलमध्ये रेडिओ सुरू झाला.

"रेडिओ कुणी लावला?" त्यानं विचारलं.

"टायमर आहे त्याला," मी म्हणाले.

"या डब्याला टायमर आहे?"

"तू खा. गार होतंय."

त्यानं खाल्लं. मुलगा निर्दोष ठरला याचा आनंद व्हायला हवा होता. पण तो सुटला तेव्हा यादीत माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. ते प्लग आणि तो कॅमेरा तुमच्या आईच्या फोनवरही होते, आणि तिच्या जुन्या टॅबवरही, जो तुम्ही वापरता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी अक्का कढीपत्ता द्यायला आल्या होत्या. त्या दारातून बोलत असताना दिवा लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिला होता. कुणीतरी दुसऱ्यानं पाहिलं, याचं मला एवढं बरं वाटलं की मी खुर्चीत बसले. अक्का कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत लिहिते.

"हा त्यांचाच दिवा ना?"

"हो."

"मग ते आले असतील. स्वल्प कॉफी करून ठेवा. आणि असं तोंड पाडू नका. आमचे यजमान हयातीत एक दिवा बंद करत नाहीत, तुमचे जाऊनसुद्धा लावतायत. कुणाचं काय, कुणाचं काय."

त्या गेल्यावर मी हसले. पण त्यांचं बोलणं डोक्यातून गेलं नाही. मी विज्ञान शिकवलेली बाई आहे, आणि तरी दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी पेपर न उघडता नुसती बसून राहिले. दिवा लागला. आजोबा वाचता वाचता मान वर करायचे, तेव्हा मी ज्या आवाजात विचारत असे, त्याच आवाजात मी विचारलं, "काय हवंय?"

दिवा दोनदा मिचकावला.

डाव्या पानावर मी लिहिलं, दोनदा मिचकावला. उजव्या पानावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. माझ्या त्या वहीत तेवढी एकच खाडाखोड आहे.

यानंतर अकरावी नोंद. एका बुधवारी मी फाटकापाशी अक्कांशी बोलून आत आले तर घरभर जळका वास. दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं आणि खाली गॅस चालू. मी दूध ठेवलंच नव्हतं, याची मला खात्री होती. लिहिलं, गॅस आपोआप पेटला. हे लिहिताना मला एक गोष्ट दिसत होती. बाकीच्या सगळ्या नोंदी शनिवार-रविवारच्या होत्या आणि ही बुधवारची. वर्गातल्या मुलीनं असं केलं असतं तर मी विचारलं असतं, बाई, ही या यादीत का? पण मी ती यादीत घातली, कारण मला ती तिथे हवी होती. दिवा लावणारा जो कुणी होता, त्यानंच दूधही जाळलेलं मला परवडणार होतं.

आता उलगडा कसा झाला ते सांगते. परदेशी नातवंडं असलेल्या बऱ्याच घरांत असतात तशी आमच्याही हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत, एक इथलं, एक तुमचं. नोव्हेंबर आला की कॅनडात घड्याळं तासभर मागे जातात. त्या रविवारी दुपारी मी स्टुलावर चढून तुमचं घड्याळ एक तास मागे केलं. दर वर्षी आजोबा करायचे, मी स्टूल धरायची. या वेळी स्टूल धरायला कुणी नव्हतं, हे अक्कांना कळलं तर ओरडतील म्हणून मी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी पावणेसातला वही घेऊन बसले. दिवा लागला नाही. सात वाजले, साडेसात वाजले. मी जरा निर्धास्त होऊन चहा टाकायला उठणार, तोच पावणेआठला दिवा लागला. आणि माझी नजर दुसऱ्या घड्याळाकडे गेली. तिथे सव्वानऊ वाजले होते. गेल्या सगळ्या आठवड्यांत पावणेसातला तिथे सव्वानऊच वाजलेले असायचे, पण मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं. भुताला कॅनडाचं सरकारी घड्याळ पाळायचं काही कारण नाही. तुमचे आजोबा तर जन्मभर इथल्याच वेळेनं जेवले. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री सव्वानऊला, शाळा नसते म्हणून ज्यांना जागायची परवानगी असते, असे दोघेच माझ्या ओळखीचे होते.

मला आधी राग आला नाही. आधी वाटलं, चला, डोकं शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कोऱ्या कागदावर जाड स्केचपेननं लिहिलं: दात घासलेत का? पावणेआठला दिवा लागताच कागद कॅमेऱ्यासमोर धरला. दिवा तत्क्षणी विझला. ती चौदावी नोंद.

कुणालाच काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुम्हाला फोनवर दोन शब्द सुनवायचे आणि विषय मिटवायचा. पण त्याच दुपारी मामा आला, न कळवता. चपला काढून तो आजोबांच्या खुर्चीत बसला, फोन टेबलावर उभा केला, आणि त्यात तुमची आई होती, तिच्या पहाटे, डोळे सुजलेले. मामानं मला कॅमेऱ्यातलं एक चित्रण दाखवलं. त्यात एक बाई सकाळी हॉलमध्ये बसून दिव्याला विचारते आहे, काय हवंय. स्वतःला असं बघणं फार वाईट असतं. मी आहे त्यापेक्षा म्हातारी दिसत होते.

"आई, गुरुवारी डॉक्टरकडे जाऊ," मामा म्हणाला. "आणि नंतर घरी. आपल्या घरी. खोली तयारच आहे."

तो अगदी मायेनं बोलत होता.

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. वही दाखवायची, तर तुम्ही सापडणार. नाही दाखवायची, तर बॅग भरायची. तुम्हाला वाटत असेल मी खूप विचार केला. केला नाही. वही आणून त्याच्या हातात दिली. आजी असले तरी मी एवढी त्यागी नाही.

मामानं सगळ्या नोंदी वाचल्या. दोन्ही पानं. त्याच्यावरच्या संशयाचं पान वाचताना त्याचे कान लाल झाले. मग दोन घड्याळांकडे बघितलं आणि फोनमधल्या बहिणीला म्हणाला, "त्या दोघांना उठव."

तुम्ही पांघरुणासकट आलात. मोठीनं सगळं सांगितलं. अज्जी उठली तर दहा गुण, रेडिओ बंद करायला गेली तर वीस, बोलली तर पन्नास.

"जिंकलं कोण?" मी विचारलं.

"हा. तू बोललीस तेव्हा याची पाळी होती."

"मी दोनदा दिवा लावला," धाकटा म्हणाला, "म्हणजे हाय."

तुमची आई रागानं काहीतरी बोलायला लागली, तेवढ्यात मामानं नोंद अकरा मोठ्यानं वाचली. गॅस आपोआप पेटला.

"ते आम्ही नाही केलं," धाकटा म्हणाला. "गॅसला प्लग नाहीये, मामा. गॅस गेममध्ये नव्हता."

तुम्हाला वाटलं, मोठी माणसं तुमच्यावर चिडून गप्प आहेत. तसं नव्हतं. मामा माझ्याकडे बघत होता आणि मी वहीकडे.

"ती माझी," मी म्हणाले. "दूध मीच ठेवलं आणि विसरले. बुधवार होता. मला तेव्हाही कळत होतं."

"मग इथे असं का लिहिलंस?"

"लिहायला नको होतं."

त्यानं वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. मला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "हे पान तू फाडू शकली असतीस. आम्हाला कळलंही नसतं."

"पानांवर नंबर आहेत."

तुमची आई रडता रडता हसली. तिनं माझ्याच हाताखाली दहावीचं फिजिक्स केलंय.

नवा तह त्या दिवशी तिथेच झाला. डॉक्टरकडे मी गेले. त्यांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आकडे उलटे म्हणायला सांगितले, आणि वयाच्या मानानं ठीक आहे, सहा महिन्यांनी या, असं म्हणाले. शेगडीला ठरावीक वेळानं गॅस आपोआप बंद करणारं बटण बसवलं. कॅमेरा मी काढायला लावला. त्याच्या बदल्यात वही चालू ठेवायची आणि दर रविवारी मामानं ती वाचायची. विसरलेलं काहीही असो, लिहायचं.

तुमच्यावर मी रागावले का, असं मोठीनं मेलमध्ये विचारलंय. हो. दोन महिने मला माझ्याच मुलाचा आणि माझ्याच डोक्याचा संशय आला, तो तुमच्यामुळे. सिनेमातली म्हातारी खरी नसते, मी होते. एवढं समजलं असेल तर राग संपला. पण चौदातल्या तेराच तुमच्या आहेत. अकरावी माझी आहे, तुम्ही नसतात तरी ती झाली असती, आणि तिच्यासाठी धाकट्यानं पंख्याकडे बघायची गरज नाही.

आता काय उरलंय ते लिहून थांबते. घर आहे, आणि मी त्यात एकटी राहते. वहीत पंधरावी आणि सोळावी नोंद झाली आहे. दोन्ही माझ्या आहेत, आणि दोन्ही तुमच्या मामानं वाचल्या आहेत.

तुमची,
अज्जी